पाचव्या फोटोचं उत्तर

कोणी गेम खेळायला बसलं की लोणकर सर स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सरांना थंडी वाजत असेल. नंतर कळलं की तो त्यांचा नेम होता. खेळणारा अडला की बनवणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो, "ते नाही, हे दाबा" म्हणून बोट दाखवतो आणि मग गेम सोपा आहे की अवघड हे कधीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "आपण काय प्रत्येकाच्या घरी जाणार आहोत का बोट दाखवायला?" ते विचारायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'हातदाबे सर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत. सकाळी आमच्याकडे आणि आठवड्यातले तीन दिवस दुपारी इंदापूरला. मी अंथुर्ण्याची, त्यामुळे घरी जाताना कधी कधी आम्ही एकाच एसटीत असायचो. सर खिडकीशी बसून डबा खायचे आणि खाऊन झालं की एक लांबट वही काढायचे. त्या वहीत वाक्यं कमी आणि आडव्या रेघा जास्त असत. खेळणारा माणूस जिथे थबकला तिथे एक रेघ. फार वेळ थबकला तर लांब रेघ. 'युजर' हा शब्द ते वापरत नसत. 'समोरचा माणूस' म्हणत. "समोरचा चुकला की चूक आपल्या वहीत," हे त्यांचं वाक्य आम्ही तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की मुलं कँटीनमध्ये चहा सांडला तरी तेच म्हणायची.

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी लॅबमध्ये बसले तेव्हा माऊस पहिल्यांदाच हातात घेतला होता. बाण वर न्यायचा होता, म्हणून मी माऊसच टेबलावरून वर उचलला. मागच्या बाकावर हसू फुटलं. सर जवळ आले. ते हसले नाहीत, शिकवलंही नाही. खाली बसून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटलं, कसं हलेल ते?" मी कसंबसं सांगितलं की वर जायचं म्हणून वर उचललं. सरांनी वही उघडून ते लिहून घेतलं. मी बोललेलं कुणी लिहून घ्यावं, असं तोवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला ते सांगितलं. तिला वाटलं, माझी तक्रार लिहून घेतली.

सरांना म्हाताऱ्या माणसांसाठी मेंदूचे खेळ करायचे होते. आठवण, लक्ष, ओळख यांचे साधे खेळ, मराठीतून, कुठल्याही फोनवर चालतील असे. शहरातल्या लोकांसाठी असे खेळ इंटरनेटवर पुष्कळ आहेत. पण ते सुरू करण्याआधी नाव भरा, पासवर्ड घाला, वय सांगा, कशाकशाला हो म्हणा. "खेळापर्यंत पोचेस्तोवरच म्हातारा माणूस दमतो," सर म्हणायचे. हेच का करायचंय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "असंच." त्यांच्या तोंडून 'असंच' हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

माझा पहिला गेम जोड्या लावायचा होता. पालथी पानं उलटायची आणि सारखी दोन चित्रं शोधायची. मी त्यात छत्री, विमान, सफरचंद असली तयार चित्रं घातली होती आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. सरांनी लॅबचे शिपाई पांडूतात्या यांना बोलावलं. तात्या निवृत्तीला आलेले. टेकून बसले, चष्मा पुसला, दोन पानं उलटली आणि एकदम हात मागे घेतला.

"ह्ये काय पळतंय हितं कोपऱ्यात?"

मी तोंड उघडलं, तोवर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली घेतले.

"लाईट जायची वेळ झाली का काय?" तात्या म्हणाले. "आमच्या पंपाच्या पेटीवर असलंच पळतंय. शून्य झालं की मोटार बंद." आणि ते शून्य होईपर्यंत हाताची घडी घालून बघत बसले. शून्य झालं. पडद्यावर 'तुम्ही हरलात' आलं. तात्या उठले. "बघा. म्हटलं न्हवतं?"

सरांनी वहीत बरीच लांब रेघ मारली. घड्याळ काढून टाक म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण ते घड्याळ करायला मला चार दिवस लागले होते. घड्याळ नसेल तर मेंदूला व्यायाम कसा होणार, असं मी चाचरत म्हटलं. सर म्हणाले, "व्यायाम द्यायचाय. शर्यत कशाला लावतेस?"

मग मला वाटलं, चित्रंही आपल्याकडची हवीत. मी गावी जाऊन विळा, घागर, उसाची मोळी, जातं यांचे फोटो काढून आणले. सरांनाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात तात्यांना पुन्हा बसवलं. तात्यांनी सगळ्या जोड्या लावल्या आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये आमी रोज बघतूच की. ते इमान कुठं गेलं?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "रूपाली, आपण दोघंही हुशार झालो होतो," ते म्हणाले. विमान परत आलं, जात्याच्या शेजारी. ते चित्र अजून त्या गेममध्ये आहे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी प्रोजेक्टसाठी सरांकडे नाव दिलं तेव्हा त्यांनी मला 'असंच'चा अर्थ सांगितला. कऱ्हाटीच्या बाहेर त्यांची वस्ती होती. तिथे त्यांची आई एकटी राहायची. सगळी वस्ती तिला जिजी म्हणायची, म्हणून सरही जिजीच म्हणायचे. सरांचे वडील, आबा, वारून काही वर्षं झाली होती. थोरला भाऊ शामराव पुण्याला. सर लग्नाचे राहिले होते. दोन ठिकाणचे तास संपवून रोज कऱ्हाटी गाठणं होईना, म्हणून आठवडाभर बारामतीत खोली करून राहत आणि शनिवारी घरी जात. आणि जिजी विसरू लागली होती. दूध चुलीवर ठेवून गोठ्यात जायची. शेजारणीला वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिजींचा मेंदू कामात ठेवा, बोलतं ठेवा, आणि घरच्यांना ओळखतात तोवर स्वतःच्या घरात राहू द्या. शामदादांचं म्हणणं होतं, आत्ताच पुण्याला नेऊ. तेही चुकीचं नव्हतं. "तिला काही झालं तर तू इंदापुरात असणार अन् मी पुण्यात," ते सरांना म्हणाले. जिजीचं म्हणणं एकाच वाक्यात होतं: "मला माझ्या दारातनं उठवू नका." शेवटी दोघा भावांनी ठरवलं की ज्या दिवशी ती घरच्या माणसाला ओळखणार नाही, त्या दिवशी ती पुण्याला जाईल. ते रोज बघायचं कसं, एवढाच प्रश्न उरला. त्यासाठी सरांनी 'घरची माणसं' हा गेम करायला घेतला.

आम्ही पहिल्यांदा फोन घेऊन कऱ्हाटीला गेलो तेव्हा जिजीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही कोण रं राज्या? हिच्याशी लगीन लावतूस का काय?"

"जिजी, विद्यार्थिनी हाय माझी. अंथुर्ण्याची."

"मंग चहा घे, बस. ह्याच्या लग्नाचं इचार की तुझ्या त्या फोनला."

गेम सोपा करणं म्हणजे काय, हे मला त्या वस्तीवर कळलं. जिजीला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलेलं सगळं काढलं. फोन बोलून विचारेल आणि ती बोलून उत्तर देईल, असं केलं. मग लक्षात आलं, सुरू करायला पडद्यावर बोट लावायचं, तर तिच्या बोटाला पडदा दाद देईना. खुरपून, शेण काढून बोटांची कातडी इतकी घट्ट झाली होती की फोनला ते बोट वाटतच नव्हतं. ती बिचारी दाबून दाबून बघायची. "ह्याला माझा हात चालत न्हाय वाटतं." सरांनी हात मांडीखाली दाबलेलेच होते, पण मान खाली घातली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बोटाचं कामच काढून टाकलं. खुंटीला अडकवलेला फोन सकाळी चहाच्या वेळेला आपणहून जागा व्हायचा आणि हाक मारायचा: "जिजी, ओ जिजी!" आवाज माझा होता. जिजी जिथे असेल तिथून ओरडायची, "आले गं बया, आले. जरा दम खा."

मग एकेक फोटो यायचा आणि माझा आवाज विचारायचा, "हे कोण?" फोटो पाच होते: सर, शामदादा, त्यांची बायको, त्यांचा मुलगा आणि आबा. उत्तर बरोबर आलं की फोन "बरोबर" म्हणायचा. नाही आलं तर "बरं, राहू द्या, उद्या बघू" म्हणून पुढे जायचा. 'चूक' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. रोजचे पाच ठिपके इंटरनेटवर एका पानावर उमटायचे, ओळखलं तर हिरवा आणि नाही ओळखलं तर रिकामा, आणि तिचे बोलही तिथे साठायचे. सर बारामतीतून बघत, शामदादा पुण्यातून. शामदादा म्हणे सकाळच्या चहाबरोबर पेपरऐवजी तेच उघडायचे.

जिजीला खेळाबद्दल काय वाटतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्या फोनमधल्या पोरीला इसर पडतोय लई. रोज सांगते, रोज इचारती. पर गरीब हाय बिचारी, वरडत न्हाय."

आणि मग पाचवा फोटो टाकला, तर त्याचा ठिपका रिकामाच राहू लागला.

रोज तेच. चार फोटो बरोबर आणि आबांच्या फोटोला काहीच उत्तर नाही. तो फोटो आम्ही आठवडाभर उशिरा टाकला होता, कारण आबांचा चांगला फोटो मिळत नव्हता. टाकल्यापासून एकदाही ठिपका हिरवा झाला नव्हता. साठवलेला आवाज लावला तर नुसती शांतता, मागे कोंबडीचा आवाज. लॅबमध्ये सर पडद्याकडे बघत बसायचे. वही टेबलावर बंद. मी एकदा म्हणाले, "सर, जाऊन शेजारी बसून बघायचं का?" ते म्हणाले, "शनिवारी गेलो होतो." मग म्हणाले, "फोन बोलायला लागला की मी गोठ्यात गेलो. मला ते बघवंना."

शामदादांचा फोन आला तो लॅबमध्येच. त्यांचा आवाज मोठा, मला ऐकू आलं. "राजू, आबांना विसरली रे ती. आता थांबायला नको. मी रविवारी गाडी घेऊन येतो." सर "व्हय" म्हणाले. एवढंच. ज्यांनी तीन वर्षं आम्हाला समोरच्याची चूक आपल्या वहीत घ्यायला शिकवलं, त्यांनी स्वतःच्या आईची चूक तिच्याच पदरात टाकली, हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त त्यांचा चेहरा बघून भीती वाटली.

रविवारी सरांनी मला रिपोर्टसाठी शेवटची नोंद घ्यायला बोलावलं. मी फाट्यावर उतरून वस्तीवर चालत गेले. अंगणात गाडी उभी होती. ओट्यावर जिजीची पिशवी भरून ठेवली होती, वर तिचं घोंगडं घडी घालून. शामदादा खाटेवर बसून चहा पीत होते. सर गोठ्यापाशी म्हशीला गवत टाकत होते. एका पेंडीनं होईल ते काम चारदा करत होते. जिजीला पिशवीचं काय सांगितलं होतं कोण जाणे. ती दारातच बसली होती.

फोननं हाक मारली. जिजी उठून आत आली. या वेळी मी तिच्या शेजारी बसले, हात मांडीखाली घेऊन.

"हे कोण?"

"ह्यो राज्या. काल सांगितलं की."

"हे कोण?"

"शाम्या. ह्यो काय, हितंच बसलाय, चहा पितोय. दिसत न्हाय व्हय तुला?"

"हे कोण?"

"शाम्याची बायकू. फोनवर लई ग्वाड बोलती." शामदादांना ठसका लागला.

"हे कोण?"

"तिचं लेकरू. आरेन." आर्यन तिच्या जिभेला जमत नव्हतं, सरांनी 'आरेन'ही गेममध्ये घालून ठेवलं होतं.

मग आबा आले. पांढरी टोपी, मिशा, कारखान्याच्या कार्डावरून मोठा केलेला फोटो. "हे कोण?" माझ्याच आवाजात फोननं विचारलं. जिजीनं फोटोकडे पाहिलं. हात वर गेला. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत पुढे ओढला, नजर खाली केली आणि गप्प बसली. फोन थांबला, थांबला आणि म्हणाला, "बरं, राहू द्या, उद्या बघू."

शामदादा भिंतीकडे बघत होते. "बघितलं ना?" ते मला म्हणाले.

मी बघितलं होतं. माझ्या आईला मी असंच बघितलं होतं. कॉलेजच्या ॲडमिशनला ती माझ्याबरोबर आली होती. खिडकीतल्या क्लार्कनं तिला विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव?" तिनं पदर ओढला आणि मला कोपर मारलं, तू सांग म्हणून. माझी आजीही आजोबांचं नाव घेत नसे. आमच्यात ते इतकं साधं आहे की त्याचा विचारच कुणी करत नाही. मी गेममध्ये माझा आवाज दिला, पाच फोटो लावले, प्रत्येकासमोर नाव घातलं, तरी माझ्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

बोलावं की नाही, मला कळेना. घरचं प्रकरण, मी परकी. मी गोठ्यापाशी गेले. "सर, जिजींनी पदर घेतला."

"मग?"

"त्या विसरल्या नाहीत सर. त्या नाव घेत नाहीत."

सरांच्या हातात गवताची पेंडी होती. ती तशीच धरून ते उभे राहिले. म्हशीनं मान लांब करून ओढायला सुरुवात केली तरी त्यांनी सोडली नाही. मग ते आत गेले, जिजीपुढे खाली बसले आणि फोटोवर बोट ठेवलं.

"जिजी, ह्यो कोण?"

"त्या पोरीनं इचारलं ते कमी झालं का? चार माणसांत काय इचारतूस?" जिजीनं दाराकडे तोंड फिरवलं. "तुझा बा न्हवं का त्यो."

"मग फोनला का सांगत न्हाईस?"

"फोनला नाव पायजे म्हनलास ना तू? उभ्या जन्मात घ्यातलं न्हाय, आता ह्या वयात फोनला सांगू व्हय?"

शामदादा हसायला लागले. हसता हसता त्यांनी कप खाली ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले. सर हसले नाहीत. ते उंबऱ्यावर बसले, वही काढली, पण काही लिहिलं नाही. "माझी मी तीन नावं घातली होती," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "राजू, राज्या, राजेंद्र. तिनं कशीही हाक मारली तरी चालावं म्हणून. आबांचं एकच घातलं. नामदेव. तिनं ते कधी घेतलंय का, एवढं तरी मला आठवायला पाहिजे होतं. तीस वर्षं एका घरात जेवलो."

मग त्यांनी जिजीला विचारलं की आबांना ती काय म्हणायची. ती आधी लाजली, मग रागावली, मग सांगितलं: आमचं हे, मालक, राज्याचा बा. सरांनी ते सगळं गेममध्ये घातलं. आणि आबांच्या फोटोला जिजी गप्प राहिली तर तेही बरोबर धरायचं, असं केलं. शामदादा म्हणाले, "अन् खरंच विसरली तर? विसरली तरी गप्पच बसंल की. कळायचं कसं?"

"त्यासाठी मी हाय की," सर म्हणाले. "मी शेजारी बसेन."

पिशवी पुन्हा आत गेली. शामदादा रिकामी गाडी घेऊन परतले. पुढच्या आठवड्यात सरांनी इंदापूरचे तास सोडले, बारामतीतली खोली रिकामी केली आणि रोज कऱ्हाटीहून ये-जा करू लागले. सकाळी पहिल्या तासाला ते धापा टाकत यायचे. शर्टाला गोठ्याचा वास असायचा. आता जिजीचा गेम झाल्याशिवाय त्यांना निघता येत नसे.

माझ्या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की एखाद्या प्रश्नाला उत्तर न देणं हे बरोबर कसं धरता? मी पदराचं सांगितलं. त्यांच्याबरोबर एक बाई परीक्षक होत्या, त्यांनी लगेच मान हलवली. आता तो खेळ बरीच घरं वापरतात. नवऱ्याचा फोटो लावताना तो आधी घरच्यांना विचारतो की ह्यांना त्या काय म्हणून हाक मारतात.

मी बारामतीतच पुढं शिकायला राहिले. जिजीचं पान माझ्या फोनवर उघडत असे. बघू नकोस, असं सरांनी कधी म्हटलं नाही. पुढच्या वर्षभरात ठिपके हळूहळू गळत गेले. आधी आरेन. मग सून. मग शामदादा, एक दिवस हो, एक दिवस नाही. ते सगळे पुण्याचे, क्वचित दिसणारे, म्हणून भावांनी ते धरलं नाही; आबांना आणि राज्याला ओळखते तोवर ती घरीच, असं ठरलं. 'राज्या' टिकून होता. आबांच्या फोटोला ती गप्प असायची आणि सर शेजारी असायचे. "पदर घेती अजून," ते सांगायचे, आणि मला हायसं वाटायचं.

ऊसतोडीचे दिवस होते. सकाळी मी पान उघडलं. पाचवा ठिपका हिरवा, आणि त्याखाली गप्प राहिल्याची खूण नव्हती, शब्द होते. मी आवाज लावला. फोननं विचारलं, "हे कोण?" जिजीनं उत्तर दिलं, स्पष्ट, जरा मोठ्यानं, एखाद्या कचेरीत सांगावं तसं: "नामदेव लोणकर. कऱ्हाटी." आणि माझाच आवाज पुढे म्हणाला, "बरोबर."

मला क्षणभर आनंद झाला. मग उमगलं. जन्मभर जे नाव तिनं ओठावर येऊ दिलं नव्हतं, ते ती सहज बोलून गेली होती, कारण फोटोतला माणूस आता तिचा कुणी नव्हता. गावातलं ऐकून माहीत असलेलं एक नाव, एवढंच.

मी सरांना फोन केला. "बघितलं," ते म्हणाले. "शेजारीच होतो. पदर खांद्यावरच होता." मग म्हणाले, "दादाचा आत्ताच फोन येऊन गेला. आज आबाचं नाव सांगितलं म्हणून खूश होता. त्याला मलाच सांगावं लागलं."

ठरल्याप्रमाणे शामदादा गाडी घेऊन आले. त्या दिवशी मी तिथे नव्हते. सरांनी नंतर सांगितलं ते एवढंच: दोघं भाऊ दिवसभर अंगणात बसून राहिले आणि जिजीला बघत राहिले. ती मिठाच्या डब्याशी गेली, अंधाऱ्या खोलीतून शेणी आणल्या, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, रांजणातलं पाणी काढलं. कशालाही तिला विचारावं लागलं नाही. संध्याकाळी सर म्हणाले, "दादा, माणसं गेली तिची. पण दार हाय अजून. तेवढं नको काढू." शामदादांनी होकारार्थी मान हलवली. सरांनी फोन खुंटीवरून उतरवला आणि टर्म संपायच्या आधीच कॉलेज सोडलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परवाच्या उन्हाळ्यात. निकालाचे पेढे घेऊन वस्तीवर गेले होते. जिजी दारात बसली होती. तिनं मला ओळखलं नाही, पण बस म्हणाली. थोड्या वेळानं सर रानातून आले, डोक्यावर गवताचा भारा. केस पुष्कळ पांढरे झाले होते. अंगणाच्या कडेलाच थांबून त्यांनी भारा खाली टाकला आणि तिनं काही विचारायच्या आत मोठ्यानं सांगितलं, "जिजी, मी राजू. तुझा धाकटा. रानातनं आलोय."

मला म्हणाले, "आता विचारत नाही मी तिला. सांगून टाकतो."

जिजीनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे बघितलं. मग अंग सावरून बसली.

"या, पाव्हणं," ती म्हणाली. "उन्हाचं आलात. बसा. पाणी घ्या."

सर चपला काढून ओट्यावर टेकले, पाहुणा टेकतो तसे, कडेला. जिजी आत गेली. अंधारातून भांड्याचा आवाज आला, आणि ती भरलेला तांब्या न सांडता घेऊन आली. सरांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला. तिनं तो हातात धरून ठेवला आणि मायेनं विचारलं, "कुठल्या गावचं म्हणायचं तुमी?"

"हितलाच," सर म्हणाले.